बशी आली, बशी गेली!

आगगाडी तुम्ही सगळ्यांनीच पाहिली असेल. पण बशांची आगगाडी पाहिली आहे का? जपानमधल्या काही हॉटेलांत ती रोज धावते. तुम्ही जागेवर बसायचं. समोरून एक सरकता पट्टा जात असतो आणि त्यावर छोट्या छोट्या बशा. एकीत कोळंबी, दुसरीत अंड्याचं गोडसर ऑम्लेट, तिसरीत काकडीची गुंडाळी. आवडेल ती बशी उचलायची, नको ती जाऊ द्यायची. जेवण झालं की रिकाम्या बशा मोजायच्या आणि तेवढेच पैसे द्यायचे. काही ठिकाणी बशीच्या रंगावरून किंमत ठरते. म्हणजे पोट भरता भरता बेरीज-गुणाकारही होतो!

या प्रकाराला जपानी भाषेत ‘काइतेन-झुशी’ म्हणतात, म्हणजे फिरती सुशी.

कल्पना सुचली कारखान्यात

ही युक्ती काढली योशिआकी शिराइशी या गृहस्थांनी. ओसाका शहराजवळ त्यांचं सुशीचं छोटंसं दुकान होतं. आजूबाजूला कारखाने होते. तिथले कामगार जेवायला येत. त्यांना हवं असे स्वस्त आणि झटपट खाणं. पण सुशी बनवणारे आणि वाढणारे हात कमी. माणसं वाढवली तर किंमत वाढणार, आणि किंमत वाढली तर कामगार येणार कसे?

एकदा शिराइशींनी बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून ओळीने जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या. बाटल्या जातात, तर बशा का नाही जाणार?

कल्पना सोपी, पण काम अवघड. पट्टा सरळ धावतो, कोपऱ्यावर वळणार कसा? त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे एकमेकांवर सरकतील असे जोडावे लागतात. पत्त्यांचा पंखा करतो ना आपण, तसे. मग वेगाचा प्रश्न. फार हळू गेला तर गिऱ्हाईक कंटाळतं, फार जोरात गेला तर बशी हाती लागत नाही. शेवटी सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर हा वेग जमला. १९५८ साली असं पहिलं दुकान सुरू झालं. १९७० साली ओसाकात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा फिरती सुशी तिथेही होती. मग काय, देशभर तिचं नाव झालं. चैनीचं समजलं जाणारं खाणं साध्या घरातल्या मुलाबाळांपर्यंत पोचलं.

सुशी म्हणजे कच्चा मासा?

बहुतेकांना असंच वाटतं, पण ते बरोबर नाही. सुशीतली मुख्य गोष्ट म्हणजे भात! व्हिनेगर, साखर आणि मीठ घातलेला, किंचित चिकट, आंबटगोड भात. त्याच्यावर किंवा त्याच्या आत मासा, अंडं, भाजी काहीही असू शकतं. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप दिले तर त्याला ‘साशिमी’ म्हणतात.

भाताला आंबट चव का? त्याची गंमत जुनी आहे. फ्रिज नव्हते तेव्हा मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात दाबून ठेवत. काही महिन्यांत भात आंबे आणि त्या आंबटपणामुळे मासा सडत नसे. इडलीचं पीठ आंबतं, तसंच हे काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचं. जपानच्या बिवा सरोवराजवळ अशी जुन्या पद्धतीची सुशी आजही करतात. तिला वास मात्र चांगलाच उग्र!

पुढे लोकांना महिनोन् महिने थांबायला वेळ उरला नाही. भात आंबवण्याऐवजी त्यात व्हिनेगर घालायला लागले. सुमारे २०० वर्षांपूर्वी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर भाताचा छोटा मुटका वळून वर माशाचा काप ठेवलेली सुशी गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय देतात. म्हणजे आज ऐटीत मिरवणारी सुशी मुळात आपल्या वडापावसारखी, उभ्या उभ्या खायची वस्तू होती!

शाकाहारी मंडळींनीही हिरमुसायचं कारण नाही. काकडीच्या सुशीला ‘काप्पामाकी’ म्हणतात. काप्पा हा जपानी गोष्टींमधला पाण्यात राहणारा खोडकर प्राणी, त्याला काकडी फार प्रिय! पण तिथे पुष्कळ पदार्थांत माशाचं पाणी घालतात. वरून भाजी दिसली तरी आधी विचारून घेतलेलं बरं. सुशीत ‘वासाबी’ नावाची झणझणीत हिरवी चटणीही असते. ती नाकात जाते, अगदी मोहरीसारखी. म्हणून मुलांसाठी ‘साबी-नुकी’, म्हणजे वासाबीविना सुशी मागता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कच्चा मासा घरी खाऊन बघायचा नाही. त्यातले जंतू आणि कृमी बाधू शकतात. तिथे खास निवडलेला मासा वापरतात, बरेचदा तो आधी कडक थंडीत गोठवतात, आणि तो कापणाऱ्याने वर्षानुवर्षं शिक्षण घेतलेलं असतं.

लाल कंदिलाचं घर

जपानी गल्लीत संध्याकाळी दारावर लाल कागदी कंदील लागलेला दिसला, की समजायचं, ही ‘इझाकाया’. ‘इ’ म्हणजे थांबणं आणि ‘साकाया’ म्हणजे साके या तांदळाच्या मद्याचं दुकान. पूर्वी लोक मद्य विकत घेऊन घरी जात. काही दुकानदार तिथेच बसू देऊ लागले, सोबत चटकमटक खायला देऊ लागले, आणि इझाकाया जन्मली. मुळात ही जागा कामावरून सुटलेल्या मोठ्यांची. जपानमध्ये २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मद्य घेता येत नाही. पण आता पुष्कळ इझाकायांत आईवडील मुलांनाही नेतात. मुलं चहा नाहीतर सरबत पितात.

आत शिरताच सगळे कर्मचारी ओरडतात, “इराश्शाइमासे!” म्हणजे “या, या!” हात पुसायला ओला रुमाल मिळतो. मग न मागताच एक छोटी वाटी येते. नवख्या पाहुण्याला वाटतं, फुकट दिलं! पण बिलात तिचे पैसे असतात. ती बसायच्या जागेची रीतच आहे. उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा हा तिथला लाडका खाऊ. आपण भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खातो, तशाच. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी येते. प्रत्येकाचं वेगळं ताट नसतं. पदार्थ मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी वाटून खायचे.

जेवणाआधी म्हणायचं “इतादाकिमासु”, म्हणजे “मी हे नम्रपणे घेतो”. आणि जेवून झाल्यावर “गोचिसोसामा”. स्वयंपाक करणाऱ्याचे, पिकवणाऱ्याचे आणि अन्नाचेही हे आभार. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृत माणसापुढे ठेवतात. एका काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घासही द्यायचा नाही. आणि टीप? ती द्यायची पद्धतच नाही.

एका खोडीची किंमत

आता एक वाईट वाटणारी गोष्ट. २०२३ च्या जानेवारीत फिरत्या सुशीच्या एका दुकानात एका मुलाने सोया सॉसची सामाईक बाटली चाटली, कप चाटून परत ठेवला आणि त्याचं चित्रीकरण सगळीकडे पसरलं. त्याला ती गंमत वाटली असेल. पण देशभर लोक हादरले. दुकानाला बाटल्या बदलाव्या लागल्या, भांडी पुन्हा धुवावी लागली. त्यानंतर बऱ्याच दुकानांनी बशा मोकळ्या फिरवणं थांबवलं किंवा कमी केलं. पडद्यावर मागणी नोंदवायची, मग तेवढीच बशी पट्ट्यावरून थेट तुमच्यापुढे येते. काही दुकानांनी बशांवर नजर ठेवणारे कॅमेरे बसवले.

विचार करा, ६० हून अधिक वर्षं तो पट्टा कशाच्या जोरावर फिरत होता? मोटर तर होतीच. पण आपल्या आधीच्या माणसाने बशीला हात लावून ती परत ठेवलेली नाही, हा भरवसाही होता. मोटर बिघडली तर कारागीर दुरुस्त करतो. भरवसा बिघडला तर तो कोण दुरुस्त करणार? शाळेतला पाण्याचा पेला, वाचनालयातलं पुस्तक, पंगतीतलं मिठाचं भांडं ही सगळी आपल्या गावातली फिरती बशीच. आपल्यानंतर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाणार असते.

जाता जाता एक गणित: पट्टा २४ मीटर लांब आहे आणि बशी सेकंदाला ८ सेंटिमीटर सरकते. समोरून गेलेली आवडती बशी पुन्हा तुमच्यापुढे यायला किती वेळ लागेल? आधी स्वतः सोडवा, मग आईबाबांना घाला!

(उत्तर: ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. अर्थात, मध्येच कुणी ती उचलली नाही तर!)