धुळ्याचा उन्हाळा आणि संगणकाचा प्रोसेसर

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातील तापमानाच्या नोंदींनुसार हिवाळ्याच्या पहाटे पारा पाच-सहा अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी तो ४२ अंशांपलीकडे जातो. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात तर त्याहूनही वर. घराच्या भिंतींनी हा फरक काहीसा सौम्य होत असला, तरी एकाच टेबलावर वर्षभर चालणाऱ्या संगणकाला तो सोसावाच लागतो. प्रोसेसर थंड ठेवण्याच्या साधनांच्या चाचण्या मात्र बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. त्यांतील आकडे खानदेशातील वापरकर्त्याने आहेत तसे स्वीकारले, तर त्याची फसगत ठरलेली, कारण शीतनाच्या गणितात खोलीचे तापमान हीच पायाची रक्कम असते.

हे गणित मुळात सोपे आहे. प्रोसेसर जितके वॅट वीज घेतो, तितकी जवळजवळ सगळी उष्णतेतच बदलते, आणि ती हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंख्यायुक्त साधनाला, म्हणजे हीटसिंकला, प्रत्येक वॅटमागे ठरावीक अंशांचा फरक लागतो. हा फरक प्रतिवॅट ०.३ अंश धरला, तर १५० वॅट घेणारी चिप भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम राहील. खोली २२ अंशांवर असताना ती ६७ अंशांवर, तर ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांवर. इंटेलच्या कोअर आय-९ १३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट, पूर्ण वेगातील कमाल २५३ वॅट, आणि सहन होणारे कमाल तापमान १०० अंश आहे. त्याच हीटसिंकवर त्याला गार खोलीत सुमारे २६० वॅटपर्यंत मोकळीक मिळते. धुळ्याच्या दुपारी ती १९३ वॅटवर येते. त्यापलीकडे प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःचा वेग उतरवून तापमान मर्यादेत ठेवतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षाही काही अंशांनी तापलेली असल्याने प्रत्यक्षातील मर्यादा आणखी आखूड होते.

उष्णतेशी संगणकाचा झगडा जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला आणि १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक सुमारे २,७०० निर्वात नळ्यांवर चालत असे. त्या नळ्यांतील तंतू तापल्याखेरीज इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नसल्याने उष्णता ही त्या यंत्राची गरजच होती. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि नाते उलटले. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपमध्ये अवघे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिला हीटसिंकची गरज भासली नाही; १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता मात्र १६ वॅटच्या घरात गेली. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर लहान होताना त्याचा विद्युतदाबही उतरवता येत असल्याने चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागील उष्णता वाढत नसे. २००५ च्या सुमारास हा नियम थकला, कारण दाब आणखी उतरवला की बंद अवस्थेतील ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागते आणि ही गळती तापमानाबरोबर वाढते. त्याच काळात, २००४ मध्ये, इंटेलने तेजस हा आपला पुढचा वेगवान प्रोसेसर रद्द केला आणि एका वेगवान गाभ्याऐवजी अनेक गाभ्यांची वाट धरली.

चिपमधून निघालेली उष्णता धातूच्या टोपीत, तिथून पेस्टच्या थरातून तांब्याच्या तळात, मग हीट पाइपमधून ॲल्युमिनियमच्या पात्यांत आणि शेवटी हवेत जाते. पांझरेच्या काठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी उताराने पाटातून शेतांपर्यंत पोहोचते आणि पाटात एखाद्या ठिकाणी गाळ साचला, की वरचा बंधारा कितीही भरलेला असो, खालच्या फडाला पाणी कमीच मिळते. उष्णतेच्या वाटेचेही तसेच आहे. दोन गुळगुळीत धातू परस्परांवर दाबले, तरी ते मोजक्या बिंदूंवरच टेकतात आणि उरलेल्या फटींत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता प्रतिमीटर-अंश सुमारे ४०० वॅट, हवेची मात्र ०.०२६. थर्मल पेस्टचे काम एवढेच की तिने ही हवा हुसकून लावावी. तिची स्वतःची वाहकता तांब्यापेक्षा कितीतरी कमी असल्याने जाड थर अडथळाच ठरतो. रोज तापणे-निवणे चालू राहिले, की पेस्ट हळूहळू कडेला सरकते आणि सुकते. म्हणून काही वर्षांनी जुनी पेस्ट पुसून नवी लावावी लागते. पुढच्या टप्प्यातील हीट पाइप हे साधन १९६३ मध्ये लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी सिद्ध केले. निर्वात नळीतील थोडे पाणी गरम टोकाला वाफ होते, पात्यांपाशी पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते.

वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर खानदेश आपली स्वतंत्र अडचण उभी करतो. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात हवेत तरंगणारे तंतू एकत्र आले, की पात्यांमध्ये नमद्यासारखी दाट घडी बसते आणि पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही हवा आत शिरत नाही. केवळ वेग वाढवून हे भरून निघत नाही, कारण पंख्याचा वेग दुप्पट करायचा तर त्याला आठपट शक्ती लागते. दर काही महिन्यांनी ब्लोअर मारणे हाच त्यावर खरा उपाय, आणि तो करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, म्हणजे ती बेफाम फिरून बेअरिंग बिघडणार नाही.

या जिल्ह्यांत घरोघरी असलेला पाण्याचा कूलर संगणकालाही उपयोगी पडतो, आणि या साधनाची उपेक्षा अन्यायकारक आहे. हवा ४२ अंशांवर आणि तिची आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती सैद्धांतिकदृष्ट्या २२ अंशांपर्यंत निवू शकते. चांगल्या गवताचा कूलर त्यातले तीन-चतुर्थांश अंतर कापतो आणि सुमारे २७ अंशांची हवा देतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राचे शीतक मनोरेही याच तत्त्वावर चालतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे ४०० वॅट घेणाऱ्या संगणकाची तासाभराची उष्णता अवघ्या ०.६ लिटर पाण्यात सामावते. ओलाव्याने चिपवर पाणी साचेल ही भीती निराधार आहे, कारण दव हवेपेक्षा थंड पृष्ठावर बसते आणि चालू प्रोसेसर खोलीतील सर्वांत गरम वस्तूंपैकी एक असतो. खरा धोका विहिरी-बोअरच्या जड पाण्याचा आहे: उडालेल्या थेंबांतील क्षार आणि धूळ मिळून पात्यांवर कडक लेप बसतो. म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर न सोडता दूर ठेवावा आणि दमट हवेला बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी असावी. पावसाळ्यात हवाच भिजलेली असल्याने हा उपाय निकामी होतो.

पाणी नळीतून फिरवणारे शीतक साधन ही पुढची पायरी. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) सी-डॅकने २०१९ मध्ये उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीतून खेळवला जातो, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. घरगुती संचात मात्र रेडिएटर त्याच खोलीत असतो. पाणी उष्णता केवळ हलवते, खोलीच्या हवेपेक्षा खाली नेत नाही.

उरते ती उष्णता मुळातच कमी करण्याची वाट, आणि खानदेशासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दाब आणि वारंवारता दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवल्या, तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते आणि काम फक्त अकरा टक्के अधिक वेळ घेते. शक्तीची अशी मर्यादा मदरबोर्डच्या बायॉसमध्ये घालता येते आणि तिला पैसा लागत नाही.

या जिल्ह्यांत प्रोसेसरवर सर्वांत जड भार नेमका लगीनसराईत पडतो. लग्नाच्या चित्रफिती आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ रेंडर करणारे, म्हणजे संपादित तुकड्यांतून अखेरची फीत तयार करणारे, स्टुडिओ एप्रिल-मेमध्ये यंत्रे दिवसभर ताणतात. त्यात दुपारी वीज गेली, की यूपीएस संगणक चालू ठेवतो, पण कूलर बंद पडतो आणि खोली मिनिटागणिक तापत जाते. या काळात यंत्राला १२५ ते १५० वॅटची मर्यादा घालून संपादन दिवसा आणि रेंडर रात्री बारानंतर लावणे अधिक शहाणपणाचे, कारण कोरड्या हवेमुळे धुळ्यात दुपार आणि पहाट यांत पंधरा-एक अंशांचा फरक सहज पडतो आणि हीटसिंक न बदलता तेवढे अंश आयतेच हाती येतात.