पिकअप नवं, गुणगुण जुनीच?

हिंगोलीच्या कॉलेजात गॅदरिंगला गिटार ॲम्पला जोडली, की गाण्याआधी 'घूंऽऽ' ऐकू येतं. ओळखीचं वाटतंय ना? ते आपल्या विजेचं 50 हर्ट्झ. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. गिटारच्या तारांची थरथर पकडता पकडता ते आसपासच्या विजेची कुरकुरही पकडतं. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये उलट चुंबकांच्या, उलट जोडलेल्या दोन कॉइल शेजारी ठेवून ती दाबली. तोच हंबकर.

घ्यायचा तर घ्या, पण आधी पट्टी लावा. हा रुंद असतो, सिंगल कॉइलच्या खाचेत बसत नाही. सुताराकडे पळू नका, कोरलेलं लाकूड परत येत नाही राव! सिंगल कॉइलच्याच मापाचे हंबकर मिळतात, बॉडी वाचते. जुनी वायर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॉट 250 केचे असतील तर 500 केचे टाका, नाहीतर आवाज दबका येईल.

आणि ब्रिजकडे जाणारी ती बारकी वायर तोडू नका. ती तुटली की गुणगुण पुन्हा हजर. बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का, हे मात्र वायरमनकडूनच बघून घ्या. तारांवर हात तुमचा असतो.