आधी मांड, मग प्लॉट

डिचोलीचा आठवड्याचा बाजार बुधवारचा. चतुर्थी तोंडावर आली की पेठेत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मंडपीचे, सामान मांडले जाते. रानावनातून आणलेल्या कांगण्या, घागऱ्या, कवंडळे, सोबत सुपारीची शिपटी आणि चिबूड घेऊन खेड्यांतल्या बायका बसतात. रानात फुकट उगवणाऱ्या फळाला इथे मोल येते, कारण ते ओळखणारी बाई आणि ते हवे असलेले गिऱ्हाईक यांना समोरासमोर यायला जागा आहे. जागेने माणसे जोडली की गावात पैसाही फिरतो, तो असा.

अशा जागांचा विचार आता करायलाच हवा. पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी 2023मध्ये सुरू झाला. पेडण्यापाठोपाठ डिचोली तालुक्यातल्या जमिनींवरही बिल्डरांची नजर आहे. नव्या वसाहतींत बाग असते, क्लब हाऊस असते, पण सगळे कुंपणाच्या आत. बाहेरच्या वाड्याला त्यातले काही मिळत नाही. पाण्यावरचा आणि रस्त्यावरचा ताण मात्र वाट्याला येतो. खाणींपायी शिरगावच्या विहिरी आटल्या, हे या तालुक्याने सोसले आहे.

लोक कुठे जमतात हे पाहायला विल्यम व्हाइट या अभ्यासकाने 1970च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांचे चित्रीकरण केले. बसायला जागा असेल तिथे लोक थांबतात, हा त्याचा साधा निष्कर्ष. आपल्याकडे देवळासमोरचा मांड, वडाभोवतीची पेड आणि घरापुढचा सोपा हेच काम करत आले आहेत.

मालकीचा प्रश्नही तितकाच मोठा. पुण्याजवळच्या हडपसरला सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकरांच्या आसपासची जमीन विकून टाकली नाही. ती एकत्र करून त्यांनी मगरपट्टा सिटी उभारली. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येक कुटुंब कंपनीचे भागधारक झाले आणि अनेकांनी तिथेच व्यवसाय थाटले.

प्लॉट पाडताना खुली जागा सोडावीच लागते. प्रश्न ती कुठे सोडायची हा आहे. उताराच्या टोकाला सोडली, तर तिथे झुडपे आणि कचरा साचतो. वाटेवर, झाडाखाली, वाड्याला लागून सोडली, तर मुले खेळतात, म्हातारी माणसे टेकतात, भाजीवाली बसते.

म्हणून ग्रामसभेत नकाशा आला की घरे किती हे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. जुनी पायवाट शाबूत आहे का? झऱ्याचे पाणी अडणार तर नाही? खुली जागा सगळ्यांसाठी उघडी राहील का? रस्त्याकडेचे गाळे गावातल्या बचत गटांना मिळतील का? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर मागा. बांधकाम उभे राहिल्यावर मांडासाठी जागा कोणी काढून देत नाही.