शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

तळेगाव दाभाडे या गावाला मुलांच्या हाताला काम शिकवण्याची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयात राष्ट्रीय शिक्षणाचा भाग म्हणून उद्योगशिक्षणाला स्थान होते. ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले. पुढे त्याच परंपरेतून नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये याच गावात काच कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे तरुण तयार झाले आणि पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. त्या तरुणांसाठी कारखाना हीच शाळा होती.

आज तळेगाव, चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात कारखान्यांना तोटा नाही. तरीही नववी-दहावीच्या मुलांशी बोलताना मला एक गोष्ट सतत जाणवते. कंपन्यांची नावे आणि बसचे थांबे त्यांना पाठ असतात. आत नेमके काय काम चालते, हे मात्र सांगता येत नाही. शिवाय नोकरीची शाश्वतीही त्यांनी पाहिलेली नसते. तळेगावच्या एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे ती जागा ह्युंदाईने घेतली. मधली बारा वर्षे म्हणजे बालवाडीपासून दहावीपर्यंतचा काळ. ज्या घरांचा पगार त्या फाटकातून येत होता, तिथल्या मुलांना ‘पुढे काय?’ हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही.

हा प्रश्न करिअरचा की मनाच्या आरोग्याचा? आपण त्याचे दोन तुकडे केले आहेत. करिअरसाठी दहावीनंतर एखादे व्याख्यान आणि मनासाठी, फारच बिघडले तर, डॉक्टर. मधल्या काळात शिकवणीचा वर्ग. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण धरले, तर चार मुले होतात. ती चौघे कोण, हे शोधायची सवड संध्याकाळच्या वेळापत्रकात कुठेच नाही.

ठाण्यात हे दोन तुकडे जोडण्याचा प्रयत्न झाला. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ‘वेध’ ही व्यवसाय परिचय परिषद सुरू केली. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांच्या मुलाखती मुलांनी ऐकाव्यात, अशी तिची रीत. मनोविकारतज्ज्ञाने व्यवसाय परिचय हाती घ्यावा, यातच खूप काही आले. पण परिषद वर्षातून एकदा भरते आणि मुलाची धास्ती दर संध्याकाळी घरी येते. शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. चाचणीचा अहवाल हाती येई. तो समोर ठेवून निवांत बोलायला माणूस मात्र प्रत्येकाला मिळत नसे.

हा माणूस कोण असावा, याचे उत्तर बिहारमधल्या एका प्रयोगात सापडते. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांत ‘सेहेर’ हा कार्यक्रम राबवून तपासला. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काही शाळांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. माझ्या मते यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यावर आधीच पुष्कळ भार असतो आणि जो गुण देतो, त्याच्यापाशी मुलगा आपली भीती सहसा बोलत नाही.

काय करावे, याचेही संशोधन आहे. अमेरिकेतील डर्लाक, वाइसबर्ग आणि पाचन यांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या ६८ कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. जिथे शिकवणे क्रमवार होते, मुले स्वतः काही करत होती, त्यासाठी वेळ राखून ठेवला होता आणि नेमके काय शिकायचे हे ठरलेले होते, तिथेच लाभ दिसला. नुसते मुलांना जमवून बसवल्याने काही साधले नाही.

‘स्वतः काही करण्या’चा नमुना चाकणपासून फार लांब नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे घडलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आहार-आरोग्य अशी कामे शिकतात आणि गावाच्या खऱ्या गरजेची कामे करून देतात. हा अभ्यासक्रम शाळेच्या वेळातला आहे, पण धडा संध्याकाळलाही लागू पडतो. हातून वस्तू नीट झाली की ‘मला काहीच जमत नाही’ हे वाक्य आपोआप मागे पडते.

म्हणून मला तळेगावसाठी आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तासांचा, वर्षभर चालणारा वर्ग हवासा वाटतो. त्यातला एक तास कामाचा: निवृत्त टूलरूम कामगार, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, बँकेतल्या बाई यांनी आपले काम करून दाखवावे, मुलांनी करून पाहावे. दुसरा तास बोलण्याचा: वीस-पंचवीस मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती, जी गुण देत नाही, ऐकलेले उगाच घरी सांगत नाही, पण जिवाला धोका दिसला तर गप्पही राहत नाही आणि वेळीच डॉक्टरांकडे पाठवते. ‘टेलिमानस’चा १४४१४ नव्हे, १४४१६ हा क्रमांक भिंतीवर अचूक लिहिलेला असावा. वर्ग अंधाराआधी सुटावा; नाहीतर मुलींची नावे पहिल्याच महिन्यात पटावरून गळतील.

यासाठी नवी इमारत लागत नाही. शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात आणि काम जाणणारी माणसे याच गावात राहतात. एका पैशाच्या वर्गणीतून कारखाना उभा राहिलेल्या गावात आठवड्याचे चार तास गोळा होणे अवघड नसावे.