गाजरगवत आणि उघडी जमीन

जून महिन्यात शाळा उघडतात, त्याच सुमारास शाळेच्या कुंपणालगत, खोल्यांच्या पाठीमागील मोकळ्या जागेत व रस्त्याच्या कडेस गाजराच्या पाल्यासारखी पाने असलेले एक रोप जमिनीसरशी पसरू लागते. थोड्याच आठवड्यांत ते कमरेएवढे वाढते व बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हेच गाजरगवत. त्यास गवत म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी ते गवत नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे, आणि गुरे सहसा त्यास तोंड लावीत नाहीत.

या वनस्पतीचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश होय. आपल्याकडे ती वाढत असल्याची नोंद १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असे सर्वसाधारणपणे सांगण्यात येते, व 'काँग्रेस गवत' हे तिचे दुसरे नाव त्याच काळाची आठवण देते. पुढील काही दशकांत तिने बहुतेक सारा देश व्यापला.

हे कसे घडले ते समजून घेण्याजोगे आहे. गाजरगवताचे एक जोमदार झाड हजारो बिया टाकते. बी अत्यंत हलके असल्याने ते वाऱ्याने, ओढ्याच्या पाण्याने, गाडीच्या चाकाला लागलेल्या चिखलाने व शेणखतातूनही दूर जाते. ओल मिळाली की ते उगवते, आणि चार महिन्यांच्या आत नवे बी देऊन मोकळे होते. शिवाय त्याच्या पानामुळांतून जमिनीत उतरणारी द्रव्ये शेजारच्या बियांची उगवण रोखतात. मायदेशी त्याच्यावर जगणारे अनेक किडे व रोग त्यास आवरून धरतात. येथे येताना ते मात्र बरोबर आले नाहीत. पुढे मेक्सिकोतील एक भुंगेरा आणून १९८४ साली बंगळूर येथे मोकळा सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने खाऊन झाडाची चाळण करतो, परंतु कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो. अवर्षणाच्या मुलखात त्याच्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. गाजरगवत सर्वत्र सारख्याच जोराने घुसत नाही. जेथे गवताची दाट बुंधे एकमेकांस भिडलेली असतात, तेथे जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही व त्याच्या कोवळ्या रोपास बसावयास जागाच उरत नाही. जेथे भुई उघडी पडली आहे, तेथे ते प्रथम येते. म्हणून गाजरगवताचा प्रश्न हा निम्म्याहून अधिक उघड्या जमिनीचा प्रश्न आहे.

या दृष्टीने अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. येथे वर्षाचा पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, व पुष्कळ कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर ग्रामसभेने जे नियम केले, त्यांत कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे दोन होते. गुरे डोंगरावर मोकळी सोडावयाची नाहीत. गवत विळ्याने कापून घरी आणावयाचे. हा नियम गाजरगवतासाठी केलेला नव्हता. तो पाण्यासाठी व चाऱ्यासाठी होता. परंतु चराईचा ताण उठल्यावर गवत पुन्हा उभे राहिले. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे २००० साली सुमारे १०० टन असलेले गवताचे उत्पन्न २००४ च्या सुमारास ६,००० टनांवर गेले.

आपल्या मुलखाचे मूळचे गवत म्हणजे मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी. यांची मुळे माती घट्ट धरतात, आणि वरचा पाला वाळला तरी बुंधा जिवंत राहतो. गुरे ते कोवळेपणीच पुनःपुन्हा खुडतात तेव्हा बुंधा थकून मरतो व त्या जागी तण बसते. मोकाट चराईचा दुसराही एक दोष आहे. वेडी बाभूळ हे असेच परक्या देशातून आणून लावलेले झाड. तिच्या गोड शेंगा शेळ्या-गुरे आवडीने खातात, बी न पचता शेणलेंड्यांतून बाहेर पडते, आणि जेथे कळप फिरला तेथे वेडी बाभूळ उगवते. घाणेरीचे बी पाखरे नेतात. तेथे चराईबंदीचा उपयोग नाही, ती खणूनच काढावी लागते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. मृदसंधारणासाठी चर खणले जातात तेव्हा बांधावर नवी माती उघडी पडते, आणि तणास तीच हवी असते. चर खणल्यावर त्याच पावसात बांधावर गवताचे बी टाकणे हे खणण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी ते राहून जाते. तसेच गवताळ रान म्हणजे पडीक रान, असे समजून तेथे सरसकट झाडे लावणेही योग्य नव्हे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अशाच उघड्या गवताळ रानावर जगतात.

आता शाळेविषयी. श्रमदानाच्या तासाला मुलांकडून गाजरगवत उपटून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती बंद करावी. या वनस्पतीच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, कातडी सुजते, व एकदा जडलेला हा विकार वर्षानुवर्षे छळतो. तिच्या परागाने दमेकऱ्यांस त्रास होतो. हे काम मोठ्या माणसांनी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, जमीन ओली असताना व फुले येण्यापूर्वी, मुळासकट करावयाचे आहे. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटते. फुलावर आलेली झाडे खतखड्ड्यात टाकू नयेत. काढलेल्या जागी मारवेलाची ठोंबे लावावीत किंवा पावसापूर्वी टाकळ्याचे बी दाट फेकावे. टाकळा जोराने वाढून गाजरगवतास दडपतो, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी तर घरोघर ठाऊक आहे.

मुलांस मोजणीचे काम द्यावे. कुंपणाबाहेर, हात न लावता बसता येईल अशा बेताने, सुतळीने एक मीटर लांब व तितकीच रुंद चौकट उघड्या जागी आखावी, व तेवढीच दुसरी गवताळ बांधावर आखावी. दर पंधरा दिवसांनी दोन्हींतील गाजरगवताची रोपे दुरून मोजून वहीत तारखेसह लिहावीत. रोपांना कळ्या दिसू लागताच शिक्षकांनी ती चौकट मोठ्या माणसांकडून साफ करवून घ्यावी, आणि त्यानंतर किती नवी रोपे उगवतात याची मोजणी कुसळीची कुसळे पिकेपर्यंत चालू ठेवावी.