'कॅन्डिडेट' म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस? वाचा या शब्दाची गोष्ट

निवडणूक जाहीर झाली की 'आपला कॅन्डिडेट कोण?' ही चर्चा सुरू होते. पण या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आहे 'पांढरे कपडे घातलेला'.

लॅटिन भाषेत 'कान्दिदुस' म्हणजे चमकदार पांढरा. प्राचीन रोममध्ये नागरिक टोगा हे लोकरीचं वस्त्र अंगाभोवती गुंडाळायचे. लोकरीचा मूळ रंग मळकट पांढरा. त्यामुळे निवडणुकीला उभा राहणारा माणूस टोग्यावर खडूची पूड चोळायचा, म्हणजे तो गर्दीत उठून दिसायचा. अशा माणसाला 'कान्दिदातुस' म्हणत. त्यावरूनच इंग्रजीत 'कॅन्डिडेट' आला.

कपड्यांवर बंदी!

ही चमक तेव्हाही अनेकांना खटकली होती. सामान्य वर्गातले लोक निवडून येत नाहीत, कारण उमराव प्रचारात बाजी मारतात, अशी तक्रार होती. इतिहासकार लिव्ही सांगतो की, इ.स.पू. 432 मध्ये प्रचारासाठी कपडे पांढरे करण्यावर कायद्याने बंदी आली.

पण प्रथा काही थांबली नाही. इ.स.पू. 64 मध्ये सिसेरोने प्रतिस्पर्ध्यांवर टीका करणारं भाषण केलं, ते या पांढऱ्या टोग्याच्याच नावाने ओळखलं जातं. तोवर प्रश्न कपड्यांपुरता उरला नव्हता, मतं विकत घेतली जात होती. पुढच्याच वर्षी सिसेरोने कायदा आणला: मतांसाठी लाच दिल्यास 10 वर्षं हद्दपारी.

'अँबिशन'सुद्धा प्रचारातूनच

मतं मागत फिरण्याला रोमन लोक 'अम्बितिओ' म्हणत. त्यातून 'अँबिशन', म्हणजे महत्त्वाकांक्षा, हा शब्द आला. त्याच धातूपासून बनलेला 'अम्बितुस' हा शब्द मात्र निवडणुकीतल्या गैरप्रकारासाठी वापरला जायचा.

गंमत म्हणजे, पोज न देता काढलेल्या फोटोला आपण 'कॅन्डिड' म्हणतो. तो शब्दही 'कान्दिदुस'मधूनच आलाय. पांढरा म्हणजे निर्मळ, म्हणून मोकळा, प्रामाणिक असा त्याचा अर्थ झाला. 'कॅन्डिडेट' मात्र खडू चोळून तयार व्हायचा!

आपल्याकडच्या नेत्यांच्या पांढऱ्या कपड्यांचा रोमशी संबंध नाही. त्यामागे खादीचा वारसा आहे.

आणि 'उमेदवार'?

हा शब्द फारसीतून आला. 'उमेद' म्हणजे आशा, 'उमेदवार' म्हणजे आशा बाळगणारा. म्हणूनच नोकरीसाठी अर्ज करणाराही मराठीत उमेदवारच असतो. त्याच्या कपड्यांबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही.