दमणगंगेचे पात्र आणि दमणगंगेचा कालवा

सिल्वासाच्या परिसरात दमणगंगेचे पाणी दोन प्रकारच्या वाटांनी समुद्राकडे आणि शेतांकडे जाते. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावलेल्या या नदीने खडक कापत आणि गाळ पसरत दमणच्या किनाऱ्यापर्यंत स्वतःचे पात्र घडवले आहे. याच नदीवरील मधुबन धरणाचे डावा व उजवा हे मुख्य कालवे मात्र उतार मोजून, माती खोदून आणि भराव घालून माणसाने काढलेले आहेत. इंग्रजीत नदीच्या पात्रातील प्रवाहमार्गाला ‘चॅनल’ आणि खोदलेल्या जलमार्गाला ‘कॅनॉल’ म्हणतात.

हे दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘कॅनालिस’, म्हणजे नळी किंवा पन्हळ, या एकाच शब्दाचे वंशज असून त्याच्या मुळाशी पोकळ वेताचा वाचक ‘कॅना’ हा शब्द आहे. ‘चॅनल’ जुन्या फ्रेंचमधून, बोलीत झिजून इंग्रजीत आधी आला, तर ‘कॅनॉल’ नंतर, लॅटिन रूपाच्या अधिक जवळ राहून आला. म्हणूनच कदाचित शरीरशास्त्राने तोच उचलला आणि कोणीही न खोदलेल्या, दाताच्या मुळातील नैसर्गिक पोकळीलाही ‘रूट कॅनॉल’ हे नाव मिळाले.

पाण्यापुरते पाहिले तर ‘चॅनल’ हा व्यापक शब्द आहे. ज्यातून प्रवाह जातो तो कोणताही मार्ग चॅनल, मग तो निसर्गाने घडवलेला असो वा माणसाने; कॅनॉल मात्र सिंचनासाठी किंवा नौकानयनासाठी मुद्दाम बांधलेला असावा लागतो. त्यामुळे 1869 मध्ये खुला झालेला सुएझ आणि 1914 मधील पनामा हे कॅनॉल ठरतात, तर इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील समुद्र चॅनल ठरतो. त्याला मराठीत रूढ झालेले ‘इंग्लिश खाडी’ हे नाव तितकेसे नेमके नाही, कारण खाडी म्हणजे भरतीचे पाणी जमिनीत शिरते ती जागा, जशी नानी दमण आणि मोटी दमण यांच्यामधील दमणगंगेच्या मुखाची.

हा भेद न पाळल्याने केवढा घोटाळा होतो ते मंगळाने दाखवले. 1877 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापरेली यांनी मंगळावर दिसलेल्या रेषांना ‘कनाली’ म्हटले. इटालियनमध्ये हा शब्द दोन्ही अर्थांना पुरतो, परंतु इंग्रजीत त्याचे ‘कॅनॉल’ झाले आणि कालवे असतील तर ते खोदणारेही असणार, या कल्पनेने पर्सिव्हल लोवेल यांच्यासारख्या अभ्यासकालाही दीर्घकाळ झपाटले. पोर्तुगीजमध्येही ‘कनाल’ हा एकच शब्द सुएझच्या कालव्याला आणि इंग्लंड-फ्रान्समधील समुद्राला लागतो, आणि 1954 पर्यंत सिल्वासासह दादरा व नगरहवेलीवर याच भाषेचा अंमल होता.

मराठीने पाण्याची विभागणी निराळ्या तऱ्हेने केली आहे. नदीच्या वाटेला पात्र, ओढ्याच्या वाटेला ओघळ आणि गावाने वळवलेल्या पाण्याच्या वाटेला पाट म्हणतात. धरणाखाली तर मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका आणि शेतचारी अशी उतरंडच लागते. यातील शेतचारी खोदलेली असूनही इंग्रजीत तिला ‘फील्ड चॅनल’ असेच म्हणतात.